स्टेशनसमोरच्या दोन खोल्या

तिसऱ्या लॉजच्या माणसानं केशवरावांचं आधार कार्ड उलटसुलट बघितलं आणि काउंटरवरून परत सरकवलं. पुण्याचा पत्ता असलेल्या कार्डावर पुण्यात खोली मिळत नाही, म्हणाला. उगाच पोलिसांची कटकट होते. बाईंचं कार्ड जालन्याचं आहे, त्यांना देतो. काकांचं काय ते तुम्ही बघा.

दोघं पुन्हा रस्त्यावर आले. समोर पुणे स्टेशन, रिक्षावाल्यांचा कालवा आणि डोक्यावर बाराचं ऊन. प्रेमलाबाईंनी पदर गळ्याभोवती लपेटून घेतला. रात्रभर गाडीत बसून त्यांचे पाय सुजले होते.

"तुम्ही बसा जरा सावलीला," केशवराव म्हणाले. "पुढची दोन लॉजं मी बघून येतो."

"बसले तर उठायची नाही मी. चला."

उद्या अकराला कचेरीत हजर राहायचं होतं. अर्ज दिल्यावर महिन्यानं ही तारीख मिळाली होती. प्रेमलाबाई घरी सुनेला भाचीकडे जाते असं सांगून निघाल्या होत्या. केशवरावांनीही मुलाला जालन्याचं नाव सांगून पिशवी भरली होती. खोली मिळाली नाही तर संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, आणि एकदा परत गेलं की आपण पुन्हा येणार नाही, हे प्रेमलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. साठी उलटल्यावर एवढा धीर एकदाच गोळा होतो.

चाळीस वर्षांपूर्वी त्या वडिलांबरोबर इथं नोकरीच्या मुलाखतीला आल्या होत्या. तेव्हा धर्मशाळेत नाव आणि गाव एवढंच विचारलं होतं. सतरंजी मिळाली, कोपरा मिळाला. वडिलांनी पानाची चंची उघडली आणि शेजारच्या परभणीच्या माणसाशी अर्ध्या तासात लांबचं नातं शोधून काढलं. आता माणूस समोर उभा असतो आणि विचारपूस त्याच्या कार्डाची होते.

चौथं लॉज एका खाणावळीच्या वर होतं. जिना अरुंद, पण पायऱ्या धुतलेल्या. काउंटरला चाळिशीचा एक माणूस बसला होता. त्यानं प्रेमलाबाईंचं कार्ड घेतलं आणि त्याचा चेहराच उजळला.

"जालना? मावशी, मी तुमच्याच जिल्ह्यातला, धावड्याचा हाय. अंगद."

प्रेमलाबाई कार्ड परत घ्यायला पुढं झाल्या. जन्मभर जालन्यात बालवाडी चालवलेली बाई. कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नव्हतं. पण अंगदनं कुणाच्या घरच्या तुम्ही म्हणून विचारलं नाही. त्यानं खाली आवाज देऊन दोन चहा मागवले आणि पाठ टेकायची खुर्ची पुढं केली.

"दोन खोल्या द्या," त्या म्हणाल्या. "साध्या. बाथरूम बाहेर असलं तरी चालेल. उद्या एका कचेरीत काम आहे, तेवढ्यापुरत्या."

"दोन? उगं खर्चा करून राह्यले मावशी. डबल बेडची रूम हाय, स्वस्तात देतो."

"ते घोरतात."

केशवराव वर पंख्याकडे बघत राहिले. अंगद हसला. त्याचा बाप घोरायला लागला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची, म्हणाला. हसत हसतच त्यानं केशवरावांचं कार्ड उचललं, पत्ता वाचला आणि त्याचं हसू थांबलं. दोन्ही कार्डं त्यानं शेजारी शेजारी ठेवली.

"काका पुण्याला. मावशी जालन्याला."

मग त्यानं हळू आवाजात आपल्याच घरचं सांगितलं. भावांनी वाटणी केली तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, शेवटी बाप मोठ्याकडे आणि माय धाकट्याकडे. एकाच गल्लीत दोन घरं. माय अजून नातीच्या हातून गपचूप ठेचा पाठवते, कारण मोठी सून तिखट करत नाही. आणि आपण इथं दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

"तुमच्या लेकरांनीबी तसंच केलं का मावशी?"

प्रेमलाबाईंना नाही म्हणायचं होतं. पण त्याचे डोळे पाणावले होते, चहा गरम होता आणि खुर्चीला पाठ होती.

"मुलं वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. तेवढं खरं होतं.

अंगदनं नाक पुसलं आणि रजिस्टर पुढं ओढलं. इथलं कार्ड घेऊ नको असं मालकानं बजावलंय, पण मालकाला मी बराबर समजावतो, म्हणाला. मग फळीवरची एकच किल्ली त्यानं काढली.

"लेकरांनी तोडलं, मी कशाला तोडू? एका खोलीत ऱ्हावा. घोरू द्या काकांला."

"नाही हो," केशवराव पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "यांनी दोन सांगितल्यात ना, दोनच द्या. यांच्या मनाविरुद्ध काही नको."

अंगद त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, तुम्ही मावशीला अहो-जाहो करता? आमचा बाप उभ्या जन्मात 'ए, ऐकलं का'च्या पुढं गेला न्हाई."

सकाळपासून पहिल्यांदा प्रेमलाबाईंना हसू आलं. अंगदनं दुसरी किल्लीही काढली. भाडं एकाच खोलीचं लावतो म्हणाला, आणि ऐकेना.

"उद्या कुठं कचेरीत जायचं म्हणले ना? म्हाताऱ्या माणसाला लई हेलपाटे मारायला लावतेत. मला लेकरू समजा. सही-बिही लागली तर मी येतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केशवरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना खोकलाच आला.

"खरंच याल?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "साक्षीला तीन माणसं लागतात. दोघंच जमलेत."

"येतो की. फक्त मालकाकडून दोन तासांची सुट्टी घ्यावी लागंल. काय काम म्हणून सांगू?"

"लग्नाला जायचंय म्हणून सांगा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "आमच्या."