भिंतीवरची पाटी

"मॅडम, मला सुनंची लय भीती वाटती, हे मी तुमालाच सांगितलं होतं. तिला कसं कळलं ओ?" झरी गावाहून आलेल्या सरजाबाईंनी विचारलं.

समुपदेशक राजेश्रीनं उगाच समोरची फाइल चाळली. सुनेनं काळजीच्या सुरात फोन केला, तेव्हा राजेश्रीच सगळं बोलून गेली होती. तिची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. समुपदेशकांच्या संघटनेनं ती सक्तीनं लावायला लावली होती : 'तुमचं बोलणं आम्ही बाहेर सांगितलं, तर या नंबरवर तक्रार करा.'

सरजाबाईंनीही तिकडं पाहिलं. "मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय तिथं?"

"चपला बाहेर काढा, असं लिहिलंय."



"चुकलं माझं, मॅडम," म्हणत सरजाबाई लगबगीनं उठल्या आणि चपला दाराबाहेर ठेवून आल्या.