नवं वेळापत्रक

ड्रायव्हरांच्या खोलीत सुन्निवा आली तेव्हा कुणी तिच्यासाठी खुर्ची सरकवली नाही. नॉर्वेतल्या बर्गनच्या त्या बस डेपोतली माणसं जेवणाचे डबे उघडून बसली होती. भिंतीशी तिचे वडील, तोर्लाइफ. पावावरच्या तपकिरी चीजकडे असे बघत होते, जशी काही पोरीची आणि त्यांची ओळखच नाही.

विद्यापीठात ती इन्फॉर्मेटिक्स शिकत होती. बस कंपनीनं विद्यापीठाला काम दिलं, प्राध्यापकांनी ते तिच्याकडे सोपवलं, आणि तिनं हिवाळाभर खपून नवं वेळापत्रक बांधणारा प्रोग्रॅम लिहिला. आठवडाभर गाड्या त्यावर धावत होत्या. आज तो ड्रायव्हरांना समजावून सांगायचा होता.

तिनं सांगितलं. आहेत तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या वाढल्या. डोंगरावरच्या वस्तीला आता संध्याकाळीही बस मिळते. शेवटच्या थांब्यावर गाड्या नुसत्याच उभ्या असायच्या, तो रिकामा वेळ प्रोग्रॅमनं शोधून काढला.

"शोधून काढला की काढून घेतला?" ब्यॉर्ग नावाच्या ड्रायव्हरबाईनं विचारलं.

मग बाकीचेही सुरू झाले. एकानं विचारलं, बाई, बस कधी हाकलीय का. दुसरा म्हणाला, पुढच्या वर्षी ड्रायव्हरच नको म्हणतील, तो प्रोग्रॅमही हीच लिहील. सुन्निवाचे कान तापले. ती उत्तरं देत राहिली, पण नजर राहूनराहून भिंतीकडे जात होती.

तोर्लाइफनी डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, एक विचारू? हे असलं शिकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"बाबा, घरी बोलू."

"घरी कशाला? कंपनीच्या माणसांशी आम्ही डेपोतच बोलतो."

आता तिचाही तोल गेला. "मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं. ज्याच्या घरात एकही ड्रायव्हर नाही अशा कुणीतरी. म्हणून शिकतेय मी हे. कळतंय का तुला?"

"मग घरातल्या ड्रायव्हरला विचारलंत कधी?" तोर्लाइफ म्हणाले आणि टोपी उचलून गाडीकडे निघाले.

ती पाठोपाठ गेली, त्यांच्याच बसमध्ये चढली.

"तिकीट," ते म्हणाले.

तिनं तिकीट काढलं आणि पुढच्या बाकावर बसली.

गाडी पावसातून डोंगर चढली. स्टिअरिंगशेजारच्या छोट्या पडद्यावर मिनिटांचा एक आकडा होता. गाडी वेळेत असली की हिरवा, उशीर झाला की लाल. वरपर्यंत तो हिरवाच राहिला. शेवटच्या थांब्यावर खाली जाणारी माणसं चढली आणि चढताचढताच निघायची वेळ झाली. टॉयलेट रस्त्यापलीकडच्या शाळेत होतं. तिथवर जाऊन यायला आता वेळ नव्हता.

तोर्लाइफ उठले. खाली उतरून थांब्यामागच्या झुडपांपाशी गेले आणि बसकडे पाठ करून उभे राहिले. साठी ओलांडलेला माणूस. त्यांना वेळ लागत होता. काचेतून सगळ्यांना दिसत होतं.

पडद्यावरचा आकडा लाल झाला, आणि वाढू लागला.

"शी," मागची बाई म्हणाली. तिला खाली बंदरावर बोट गाठायची होती. तिनं मोबाइल काढला. "कंपनीला कळवायलाच हवं. नाव काय हो या ड्रायव्हरचं?"

"माझं लिहा," सुन्निवा म्हणाली. "वेळापत्रक मी बांधलंय."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पर्स उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली.

तोर्लाइफ भिजून परत आले. कुणाकडेही न बघता त्यांनी दार लावलं आणि ओल्या उतारावर गाडी अशी सोडली, की पहिल्याच वळणाला सगळ्यांनी दांड्या घट्ट धरल्या. लाल आकडा भराभर उतरू लागला.