दरीतले दोन दिवस

शाळेच्या वर्गात यंत्राची टोपी डोक्यावरून उतरवल्यावर वसुधाने नेहमीप्रमाणे माणसं मोजली. सातच भरली. परवा निघताना आठ होती.

"मिलिंद कुठाय?" तिने विचारलं. मिलिंद तिचा नवरा.

कुणालाच सांगता येईना. रानातले दोन दिवस त्या यंत्राने सगळ्यांच्याच डोक्यातून आत्ता पुसून टाकले होते. दुर्मिळ बेडकांची ती दरी चोरांना कळू नये म्हणून रानमित्र मंडळाचा तसा नियमच होता, आणि तो वसुधानेच आग्रहाने करून घेतला होता. वहीतल्या नोंदी तेवढ्या राहायच्या. वाट कुणालाही आठवायची नाही.

मंडळाचे प्रमुख दामलेकाका नोंदवही उघडून मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबले. मग त्यांनी वही तिच्यापुढे धरली. "अक्षर तुझंच आहे गं."

तिने वाचलं. बेडूक सत्तेचाळीस, त्यांतल्या माद्या एकोणीस. खाली लिहिलं होतं, 'मिलिंद कड्यावरून घसरला. तासभर शुद्धीवर होता. मी जवळच होते. त्याला खाली आणून गाडीत ठेवलंय.'

वसुधाला रडू आलं नाही. खिडकीतून गाडी दिसत होती, तिचं मागचं दार बंद होतं. तिने गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत पाहिलं. अजून तीन ओळी उरल्या होत्या.

'शेवटी तो माझ्याशी बोलला. काय बोलला ते इथे लिहीत नाही. ते मी जन्मात विसरणार नाही.'