घोडीचा होकार

शेवंतीच्या गळ्यातला पट्टा हिरवा झाला, तसं वंशरक्षण मंडळाच्या डॉक्टर नाफड्यांनी अर्जावर लिहिलं, ‘घोडी पुन्हा गाभण राहायला राजी.’

“तिला घोड्यासमोर उभी करून विचारलंत,” मालकीण सुगंधाबाई म्हणाल्या. “माजावर आलीय ती. हो म्हणणारच.”

“नियमच तसा आहे, बाई. जनावराच्या मनातलं पट्ट्याला कळतं, आपल्याला नाही.”

सुगंधाबाईंनी घोडीला मागच्या पडवीकडे नेलं. गेल्या वर्षी इथेच शिंगरू आडवं आलं होतं. वार पोटातच अडकून शेवंतीला ताप चढला होता, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या तीन दिवस बसून होत्या.

उंबऱ्यापाशीच घोडीचे पाय अडले. तिच्या अंगाला कापरं भरलं आणि पट्टा लालभडक झाला.

“हे आम्ही धरत नाही,” डॉक्टर ओशाळून म्हणाले. “होकार घोड्यासमोरच घ्यायचा असतो.”

“का? व्यायचंय तर तिला इथेच ना?”

डॉक्टरांनी खाली बघतच अर्जावर मालकिणीच्या संमतीचा अंगठा घेण्यासाठी यंत्र पुढे केलं. सुगंधाबाईंनी अंगठा आत घेऊन मूठ आवळली.