टोचन

बस थांबली, तिच्या मागोमाग पिकअपही थांबली, आणि पिकअपमध्ये कुणीच नव्हतं.

पोलादपूरच्या महाबळेश्वर फाट्यावर गर्दी जमायला एरवीही फार काही लागत नाही. इथं तर रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग आपोआप वळताना लोकांनी पाहिलं होतं. चहावाला सदू गाळणं हातात घेऊनच रस्त्यावर आला आणि पिकअपच्या काचेला नाक लावून उभा राहिला. आत खरंच कुणी नव्हतं. ब्रेकवर तेवढी एक लोखंडी पेटी बसवलेली होती.

"टोचन लावलं की मागच्या गाडीत माणूस लागतोच," सदू म्हणाला. "ह्या गाडीचा माणूस कुठं हाय?"

नासिर जणू याच प्रश्नाची वाट पाहत बसमधून उतरला. कित्येक वर्षं कुवेतला एका शेखच्या घरची घरबस चालवून तो महाडला परत आला होता. आल्या आल्या त्यानं लिलावातली जुनी बस घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं बसवलं. हंगामभर महाबळेश्वरला बस उभी करून बिर्याणी विकायची आणि बाजारहाटाला पिकअप हाताशी ठेवायची, असा बेत होता.

"माणूस लागत नाही, तीच तर गंमत आहे," म्हणत तो खाली वाकला. दोराऐवजी हा दोन पायांचा दांडा, म्हणजे मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळत नाही. दांडा तुटलाच तर आधाराला या साखळ्या. ही वायर दिव्यांची. बसचा डावा दिवा लागला की पिकअपचाही डावाच लागणार. बसचा ब्रेक दाबला की आतली पेटी पिकअपचा ब्रेक दाबते. गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि किल्ली लावलेलीच राहू द्यायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

"म्हंजे पेटीच डायवर," सदू म्हणाला. कुणीतरी दांड्याला लाथ मारून पाहिली. आपल्याकडं कुठल्याही यंत्राची पहिली परीक्षा लाथेनंच होते. दांडा हलला नाही, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या.

एवढ्यात पाटी डोक्यावर घेऊन ठकूबाई गर्दीत घुसली. दांड्याकडं तिनं पाहिलंच नाही. तिनं पिकअपच्या आरशाला बांधलेली हिरवी रिबीन पाहिली.

"ही तर परवीनभाभीची गाडी. भाभी कुठं हाय?"

नासिर परदेशात होता तेव्हा त्याची बायको परवीन याच पिकअपमधून महाडची अंडी घाटातल्या वाड्यांना पोचवायची. ठकूबाईच्या वाडीला एसटी जात नव्हती, परवीनभाभी जायची.

"मी इथं आहे, मावशी." परवीन बसच्या दारात उभी होती.

"तिथं काय करतेस गो? बरं नाय काय?"

"बरी आहे की."

"मग गाडी बिघडली?"

"गाडीही बरी आहे."

ठकूबाईनं पाटी खाली ठेवली. "चालती गाडी टोचनला लावली? का गो?"

सकाळी नासिरनं दांडा जोडला तेव्हा परवीननं त्याला अडवलं नव्हतं. तो इतका खुशीत होता की त्याचा हिरमोड करायचं तिच्या जिवावर आलं. पण या रस्त्यावर टोचन लागतं ते बंद पडलेल्या गाडीला, हे तिलाही ठाऊक होतं. ती खाली उतरली.

"अहो, हा दांडा सुटतो कसा?"

"एक पिन आहे. का?"

"घाट मला चढायचाय. माझ्या गाडीनं."

नासिरचा चेहरा उतरला. "अगं, तू माझ्या शेजारी बसावीस म्हणून तर एवढं सामान आणलं. तिकडं दुसऱ्यांच्या बायकापोरांना फिरवत होतो, तेव्हापासून मनात होतं."

"कळतं मला. मलाही तुमच्याजवळ बसायला आवडतं. पण ती मागून रिकामी येताना आरशात दिसते ना, मला कसंतरीच होतं. कुणी गेल्यासारखं."

गर्दीला एकाएकी साखळ्या फार बघाव्याशा वाटू लागल्या. परवीननं वाकून पिन ओढली. निघेना. पुन्हा ओढली.

"अशी नाही निघायची," नासिर हळूच म्हणाला. "चढावर आहे, दांड्यावर ताण आलाय. बस जरा मागं घ्यावी लागते."

"मग घ्या ना."

तो जागचा हलला नाही. "आणि माझ्या शेजारी कोण?"

"मावशीला बसवते."

"मी नाय बा," ठकूबाई म्हणाली. "मी भाभीसंगं."

नासिरला हसू आलं, पण त्याचे पाय उचलेनात. मग परवीन त्याच्याजवळ गेली. "घर तर तुमच्याच गाडीत आहे. मी जाणार कुठं?"

तिनं ब्रेकवरची पेटी काढून त्याच्या हातात दिली आणि पिकअपचा हँडब्रेक ओढला. तो पेटी घेऊन बसमध्ये चढला. बस वीतभर मागं सरकली, आणि पिन तिच्या हातात अलगद आली.

दांडा, साखळ्या, वायर, सगळं सामान सदूनंच बसमध्ये चढवलं. ठकूबाई पाटी मांडीवर घेऊन पिकअपमध्ये आपल्या नेहमीच्या जागी बसली. परवीननं आरसा स्वतःपुरता नीट केला, बसला वळसा घालून गाडी पुढं काढली आणि फाट्याशी आणली.

पिकअपचा डावा दिवा लुकलुकू लागला. मागोमाग बसचाही लागला.