मिरचीचा लाल

उमाने पाकिटावरच्या मिरचीत लाल रंग भरला आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही मॉनिटरकडे पाहिलं. लहान पडद्यावर मिरची मिरचीसारखी लाल होती. मोठ्यावर तीच मिरची गाजरासारखी दिसत होती.

"भाभी, मोठा घ्या," दुकानदार किशनचंद म्हणाला. "मुंबईच्या ऑफिसातून आलाय, फॉरेनचा माल आहे. थोडासा वापरलाय, बस्स."

मोठ्यावर अख्खं पाकीट एकदम दिसत होतं, हे खरं. लहान होता नवा कोरा, पण त्यावर पाकिटाची एक बाजू पाहिली की दुसरी सरकवून आणावी लागत होती. उमाला काही ठरवता येईना. बाळ झाल्यावर प्रेसमधली नोकरी सुटली होती. आता घरूनच डिझाइनचं काम सुरू करायचं होतं. नवऱ्याने, मधूने, कॉम्प्युटर आणून ठेवला होता. मॉनिटर तेवढा राहिला होता. बदलापूरच्या इंदुबाई मसाल्याच्या पाकिटांचं पहिलं काम देणार होत्या आणि त्यांनी बजावून सांगितलं होतं, "माझी मिरची फिकी दिसली, तर मी दुसरीकडे जाईन हं."

मधूला आज सुटी मिळाली नाही. म्हणून सासूबाईंनी, माईंनी, सासऱ्यांना तिच्याबरोबर उल्हासनगरला पाठवलं होतं. तिला त्याचंच दडपण आलं होतं. अण्णांनी सगळी हयात अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात घालवली. मग उजवा हात थरथरायला लागला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पेन्सिलीला हात लावला नव्हता आणि बोलणंही जवळजवळ टाकलं होतं. त्यांच्या ड्रॉइंग बोर्डावर आता घरातल्या गाद्या रचलेल्या असत. कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना हे पसंत नाही, असंच उमा धरून चालली होती.

"ह्यात सरळ रेष येते?" अण्णांनी मागून विचारलं. दुकानात आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

उमाने मोठ्या पडद्यावर रेष काढून दाखवली.

"वर्तुळ?"

तिने वर्तुळ काढलं, मग ते वाढवून पडदाभर करून दाखवलं. अण्णा इतके वाकले की त्यांचं नाक काचेला टेकायचं बाकी राहिलं. काढताहेत आता खोट, उमाच्या मनात आलं.

"मी बघू?"

उमा गडबडीने उठली. अण्णा बसले. त्यांनी माउस धरला आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा धावायला लागला. रेष निघाली ती नागमोडी, जिकडे तिकडे फाटे फुटलेली. किशनचंदने समजूतदारपणे मान वळवली आणि तो चहा सांगायला बाहेर गेला. अण्णांनी हात काढून घेतला.

"राहू दे. हे तुम्हा लोकांचं आहे."

ते उठायला लागले, तशी उमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवायची तिची ही पहिलीच वेळ.

"अण्णा, थांबा. डाव्या हाताने हे बटण दाबून धरा. हं, असंच. आता ओढा."

अण्णांनी ओढलं. हात थरथरतच होता. रेष मात्र थरथरली नाही. ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली.

अण्णा त्या रेषेकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरी काढली. तिच्यावर काटकोनात तिसरी. मग वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, भोवती एकेक दात. मध्येच उमाने एक दात उचलून त्याच्या प्रती कशा करायच्या ते दाखवलं, तेव्हा ते लहान मुलासारखे "परत कर, परत कर" म्हणाले. किशनचंद चहा घेऊन आला तेव्हा पडद्यावर एक देखणं दातेरी चाक तयार झालं होतं आणि अण्णा मोठमोठ्याने हसत होते.

"अगं, ह्याला मला दोन दिवस लागायचे! आणि एक थेंब शाई सांडली की पुन्हा पहिल्यापासून!"

उमाने त्यांना असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. तिने मनाशी ठरवून टाकलं. अण्णांच्या डोळ्यांना मोठाच बरा. रंगाचं आपण प्रेसमध्ये छापून बघू.

"किशनभाई, मोठा पॅक करा," ती म्हणाली.

"लहान," अण्णा म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला बारीक दिसेल."

"बारीक दिसलं तर मोठं करता येतं, आत्ताच दाखवलंस की. गाजराची मिरची कशी करशील? काम मिरचीचं आलंय. लहानच घ्यायचा."

"आधी घरात तय करा," किशनचंद हसत म्हणाला.

"झालंय तय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाचा ग्लास उचलला.

रिक्षात मॉनिटरचं खोकं अण्णांनी मांडीवर घेतलं आणि अंबरनाथ येईपर्यंत ते उमाला विचारत राहिले: ह्यात मापं घालता येतात का, पाकिटाच्या घड्या आखता येतात का, चुकलेलं पुसता येतं का. जिन्यात खोकं त्यांनी रिक्षावाल्याच्या हाती दिलं आणि स्वतः दोन दोन पायऱ्या चढत पुढे गेले. माईंनी दार उघडलं. बाळ त्यांच्या कडेवर होतं.

"मिळाला का मनासारखा?" माईंनी विचारलं.

"मिळाला. आणि हे बघ, उद्यापासून माझा चहा लवकर टाक. मला नोकरी लागलीय."

"नोकरी? या वयात? कुठे?"

"आपल्याच बाहेरच्या खोलीत," अण्णा म्हणाले. त्यांनी वळून जिन्याकडे बोट दाखवलं; उमा धापा टाकत शेवटची पायरी चढत होती. "बाजूला हो जरा. साहेब येतायत."