ताईचं पिल्लू

लग्न होऊन दुबईला गेलेली ताई वर्षानं माहेरी आली. बॅग ठेवली आणि तडक कपाटातून तिचा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम काढला. त्यात तिनं शाळेपासून एक पिल्लू पाळलंय. रोज खायला घातलं नाही, तर ते रुसून घर सोडून जातं.

"गेलं असणार पळून," मी म्हटलं.

"गप रे!" तिचे डोळे भरलेले. बटण दाबायला हातच धजेना. शेवटी मीच दाबलं.

पिल्लू शेपूट हलवत धावत आलं. चांगलं गुबगुबीत झालं होतं!

"आई, तू?" ताई ओरडली.

"मग काय, मुकं जनावर उपाशी ठेवायचं?" आई पोळी लाटत म्हणाली. "रोज जेवायला घालते. एकादशीला तेवढं नुसतं दूध देते."